पाडव्याला श्री कोण लिहिणार?

आमच्या काळी मुनीमाला नेमणुकीचं पत्र मिळत नसे, आणि कामावरून काढल्याचंही मिळत नसे. दोन्ही गोष्टी दिवाळीच्या पाडव्याला, चारचौघांदेखत, एक शब्दही न बोलता उरकत. दुकानात नव्या वहीची पूजा व्हायची. हळदकुंकू वाहून झालं, विडा ठेवला, की मालक वही उचलून एकाच्या पुढं धरायचे. ज्याच्या पुढं धरली त्यानं पहिल्या पानावर श्री लिहायचा. तो त्या सालचा मुनीम. गेल्या साली लिहिणाऱ्याच्या पुढं वही आली नाही, तर त्यानं काय ते समजून घ्यायचं, पानसुपारी घ्यायची आणि मुकाट घरी जायचं.

कळंबला एका आडत दुकानात मी असा श्री बारा वर्षं ओळीनं लिहिला. तेराव्या वर्षाचं सांगतो.

आडत म्हणजे काय, हे आताच्या मुलांना सांगावं लागतं. शेतकरी गाडी भरून माल आणतो, आडत्या तो आपल्या दारात ओतून घेतो, खरीददार बोलावतो, भाव जमवून देतो आणि आपली आडत, म्हणजे दलाली, घेतो. मुनीम हे सगळं लिहून ठेवतो. पण लिहिणं हे मुनीमाचं अर्धंच काम. कोणत्या गावचा पाटील कोणत्या पाटलाशी बोलत नाही, कोणाला चहा चालतो आणि कोणाला नुसतं पाणी, कोणाची ज्वारी दरसाल ओलसर येते आणि तरी त्याला तसं तोंडावर म्हणायचं नसतं, हे सगळं त्याच्या डोक्यात असावं लागतं. आणि एकदा डोक्यात गेलेलं तोंडातून बाहेर येता कामा नये. मुनीम दुकान सोडून गेला तरी दुकानाची गोष्ट दुकानातच राहते, हा आमच्या धंद्यातला पहिला नेम होता. माझं मोडी अक्षर बरं होतं. तालुक्यात माझ्या अक्षराला नाव होतं म्हटलं तरी चालेल, आता खोटी नम्रता कशाला?

माझे मालक वीरभद्राप्पा. सगळे त्यांना आप्पाच म्हणत. कपाळाला भस्माचे पट्टे, अंगात बंडी, आवाज सगळ्या आळीला ऐकू जाईल असा. त्यांच्या घरच्या अक्का उमरग्याकडच्या. नवराबायको आपसात कानडी बोलायचे आणि भांडायचे मात्र मराठीत, म्हणजे शेजाऱ्यांनाही कळावं. दुपारी अक्का दुकानाच्या मागच्या दारातून विचारायच्या, "ऊटा आय्ता?" जेवण झालं का, हे मलाच विचारलेलं असायचं. बारा वर्षांत हे विचारायचं त्या कधी चुकल्या नाहीत.

दुसरी मोठी लढाई सुरू होऊन दोन-तीन वर्षं झाली आणि सरकारनं धान्यावर लेव्ही बसवली. शेतकऱ्यानं ठरलेलं धान्य सरकारी गोदामात घालायचं, उरलेलं परवान्याशिवाय हलवायचं नाही. एका हंगामात आमच्या दारातली वर्दळ थांबली. जिथं ज्वारीच्या राशी पडायच्या तिथं शेजारच्यांची म्हैस येऊन बसायला लागली. तिला हाकलायचंही कुणाला सुचेना, कारण तेवढीच काय ती दारात जाग होती. हमाल एकेक करून गेले. तराजूवाला गेला. राहिलो आप्पा आणि मी. लेव्हीत न येणारी करडई तेवढी बार्शीच्या एका तेल गिरणीवाल्याकडं जात होती, आणि त्या एका गिऱ्हाइकावर दुकान तग धरून होतं.

आप्पा काही बोलत नव्हते. एरवी ज्यांचा आवाज आळीला ऐकू जायचा, ते तासन्‌तास गादीवर बसून दाराकडं बघत. मी समोर बसून जुन्या वह्यांची सुतं बदलत होतो. एका माणसापुरतंही काम उरलं नव्हतं, हे त्यांना दिसत होतं आणि मलाही दिसत होतं. घरी मी, बायको गोदावरी आणि चार मुलं.

गोदावरीनं एक दिवस सरळ विचारलं, "औंदा पाडव्याला वही तुमच्यापुढं येणार का?"

"कुणास ठाऊक," मी म्हणालो.

"मग इचारा की आप्पांना."

हीच तर मेख होती. मालकाला असं विचारणं म्हणजे मला दुसरीकडं जायचंय असं सांगणं. आणि विचारलं नाही तर पाडव्याच्या दिवशी एकदम रस्त्यावर. दुसरीकडं उघडपणे नोकरी मागावी, तर तो दुकानदार पहिल्यांदा विचारणार की तुमच्या मालकाची चिठ्ठी कुठं आहे. राजीखुशीनं सोडतो आहे अशी मालकाची चिठ्ठी असल्याशिवाय एका आडत्याचा मुनीम दुसरा आडत्या घेत नसे. म्हणजे चिठ्ठी मागितली तर हातची जाणार, न मागितली तर दुसरी मिळणार नाही. तेव्हा मी जे केलं ते चोरून केलं.

पहिल्यांदा गेलो तहसिलीत. म्हटलं, ज्या लेव्हीनं आमचं काम नेलं तिच्याकडंच काम मागावं. लेव्हीच्या कचेरीत कारकून कमी पडत होते. तिथले मुनशीजी पांढऱ्या दाढीचे, फार सज्जन. आमच्या मुलखात तेव्हा सरकारी कारभार उर्दूत चाले. उर्दू मी शाळेत शिकलो होतो, पण शाळा सुटल्यावर कधी हाताला लागली नव्हती. तरी म्हटलं, येते. त्यांनी एक कोरं रजिस्टर दिलं आणि गावांची यादी उतरवून काढायला बसवलं. दोन दिवस, आप्पा जेवून वामकुक्षी करत तेवढ्या वेळात जाऊन, मी मान मोडून लिहिलं. प्रत्येक ओळ उजवीकडून डावीकडं, अगदी रीतसर. अक्षरही वळणदार काढलं.

तिसऱ्या दिवशी मुनशीजींनी रजिस्टर उघडलं आणि पहिलं पान कोरं. दुसरं कोरं. तिसरं कोरं. मला वाटलं दुसऱ्याचंच रजिस्टर उघडलं असावं. मग त्यांनी ते उलटं केलं आणि हसायलाच लागले.

"अरे मुनीमजी, ये क्या करे तुम? किताब कू पीछे से पकडे!"

आमच्या दुकानाच्या वह्या लांबोडक्या, वरून उलटायच्या. बाकी पुस्तकं मी मराठी माणसासारखी उघडायचो. उर्दू रजिस्टर उघडतं उलट्या बाजूनं, हे ओळी सुलट लिहिण्याच्या नादात माझ्या ध्यानातच आलं नाही. शेवटच्या पानापासून मी पुढं पुढं, म्हणजे मागं मागं, आलो होतो. वरती छापलेले पानांचे आकडे उतरत्या क्रमानं चालले होते, तेही दिसले नाहीत. लढाईमुळं कागदाची टंचाई, आणि मी एक अख्खं सरकारी रजिस्टर वाया घालवलं.

मुनशीजींनी मला चहा पाजला. "हाथ तुम्हारा बहोत अच्छा है," ते म्हणाले, "पर साहब कू मैं क्या मुँह दिखाऊँ?" कचेरीत त्यांनी ही गोष्ट कुणाला सांगितली नाही. रजिस्टरचं काय केलं ते मला आजवर माहीत नाही. त्या भल्या माणसाचे आभार मी तेव्हा नीट मानले नाहीत, शरमेनं पळून आलो.

दुसऱ्यांदा गेलो भूमला. तिथं एक आडत्या होता, त्याचा मुनीम म्हातारा होऊन गावी गेला होता असं कानावर आलं. कळंबहून भूमला जायचं तर दोन दिवस दुकानातून सुटलं पाहिजे. आप्पांना म्हणालो, सोनारीच्या काळभैरवाचा नवस आहे, जाऊन येतो. आप्पा गादीवरून उठले, आत गेले आणि एक नारळ आणि तेलाची बाटली घेऊन आले.

"आमचा बी ठिवा. दुकानाचं चांगलं होऊ दे म्हणावं."

तो नारळ घ्यायला नको होता. पण घेतला.

येरमाळ्यापर्यंत कोळशावर चालणारी मोटार होती. चढ आला की सगळ्यांनी उतरून ढकलायची. तिथून पुढं एका गाडीवानाबरोबर भूमला पोचलो. भूमच्या आडत्यानं मोठ्या अगत्यानं बसवलं, पोहे दिले. चिठ्ठीचं नावही काढलं नाही. माझं अक्षर बघितलं, वाहवा केली. माझा जीव भांड्यात पडला. मग सुपारी कातरता कातरता त्यानं सहज विचारलं, "आप्पाचं कसं चाललंय? करडई आता कुठं धाडायलेत?"

मी सांगितलं.

नुसतं नावच नाही सांगितलं. त्या बार्शीच्या गिरणीवाल्याला करडई दोनदा चाळून लागते, तो गाडी दारात आल्याबरोबर रोख देतो, आणि आप्पांवर खूश आहे, हेही सांगितलं. मला वाटलं, मला किती कळतं हे त्याला दिसावं. नोकरी मागायला गेलेल्या माणसाला आपण किती उपयोगी आहोत हे दाखवायची फार हौस असते.

भूमच्या आडत्यानं सुपारी तोंडात टाकली. "मुनीमजी," तो म्हणाला, "तुमी माणूस हुशार हाव. पर जो आज आप्पाचं माझ्यापाशी सांगतो, तो उद्या माझं कुणापाशी सांगंल, ह्याचा काय भरवसा? आमाला न्हाय परवडायचं."

बरोबरच बोलला तो. मी मान खाली घालून उठलो. आणि एवढं बरोबर बोलल्यावर महिन्याच्या आत त्यानं आपल्या करडईच्या गाड्या, दोनदा चाळून, बार्शीच्या त्याच गिरणीवाल्याकडं धाडल्या, त्याही आप्पांपेक्षा कमी भावानं. मला शिकवणही दिली आणि आप्पांचं गिऱ्हाईकही नेलं.

तिथून खरं तर सरळ घरी यायचं. पण पिशवीत आप्पांचा नारळ होता. तो फोडल्याशिवाय परत कसा येणार? तसाच पुढं सोनारीला गेलो. देवळापुढं माकडांचा सुकाळ. तेल वाहिलं, नारळ फोडला, आणि आप्पांच्या नावचं अर्धं भक्कल एका माकडानं माझ्या हातातून ओढून नेलं. एरवी हसलो असतो. त्या दिवशी पायरीवर बसून मी रडलो. चाळिशीला आलेला माणूस, तोही परगावी, देवाच्या दारी रडतो म्हणजे त्याचं काहीतरी फार बिघडलेलं असतं. उरलेल्या भक्कलाचा प्रसाद आप्पांना आणून दिला. त्यांनी डोळे मिटून, कपाळाला लावून खाल्ला.

बार्शीचं गिऱ्हाईक गेल्याचं कळलं त्या दिवशीही आप्पा काही बोलले नाहीत. "जाऊ द्या," एवढंच म्हणाले. मला वाटलं त्यांना काही माहीत नाही. आपण पकडले गेलो नाही याचा आनंद व्हायला पाहिजे होता, पण मला अन्न गोड लागेना. अक्कांनी मागच्या दारातून "ऊटा आय्ता?" विचारलं की मी वर न बघता हो म्हणायचो.

असा पाडवा आला.

सकाळी दुकान सारवलं होतं, पाट मांडला होता. दरसाली लग्नाघरासारखी गर्दी असायची, त्या साली पाचसात माणसं. पाटावर वही होती ती दरसालच्या निम्म्या जाडीची. जंगमस्वामींनी पूजा केली, विडा ठेवला. मी नेहमीच्या जागी, गादीच्या डावीकडं, हात धुऊन बसलो होतो. गोदावरीनं धोतर नीळ देऊन धुतलं होतं.

आप्पांनी वही उचलली. ती त्यांनी माझ्यापुढं धरली नाही. दुसऱ्या कुणाच्या पुढंही धरली नाही. स्वतःच्या मांडीवर ठेवली, टाक शाईत बुडवला आणि जन्मात सहीपलीकडं फारसं न लिहिणाऱ्या त्या माणसानं वाकडातिकडा श्री लिहिला.

सगळे माझ्याकडं बघत होते. मी पानसुपारी घेतली. आता उठायचं, एवढंच मला ठाऊक होतं.

"मुनीमजी, तुमी बसा," आप्पा म्हणाले.

माणसं गेल्यावर ते म्हणाले, "औंदापासून म्याच लिवणार. मुनीम ठिवायची ऐपत न्हाय राहिली."

"कळलं, आप्पा."

"लातूरला आमच्या ओळखीचे हायत. शेंगाचं, करडईचं मोठं काम हाय त्यांचं. त्यांच्याशी बोलून आलोय. भाऊबीज झाली की जावा." मग त्यांनी चिठ्ठी पुढं केली. राजीखुशीची चिठ्ठी. ती घ्यायला मी हात पुढं केला तेव्हा ते म्हणाले, "आन् भूमचं त्यांना सांगून टाकलंय."

मी विचारलं, "आप्पा, तुम्हाला ठाऊक होतं?"

"भूमवालाच सांगत सुटलाय चौघांत. आज ना उद्या लातूरला कळलंच असतं. दुसऱ्याकडून कळाया नको, म्हणून म्याच सांगितलं. आता तुमाला भ्यायचं कारण न्हाय. ताठ मानंनं जावा."

मी त्यांच्या पायावर डोकं ठेवलं. चूक झाली, हे तेवढं तोंडातून निघालं. त्यांनी मला उठवलं आणि अक्कांना हाक मारून करंज्यांची पुरचुंडी आणायला सांगितलं, मुलांसाठी.

लातूरला मी गेलो आणि तिथलाच झालो. मुलांची शिक्षणं, लग्नं, स्वतःचं घर, सगळं त्या एका चिठ्ठीवर झालं. नव्या मालकांनी पहिल्या दिवसापासून मला गादीवर बसवलं, कपाटाच्या किल्ल्या दिल्या. मला हे कोडं होतं. ज्याच्याबद्दल असं सांगितलं गेलं त्याला कुणी किल्ल्या देतं का? विचारायचा धीर होत नव्हता. चार वर्षांनी, बाजार नसलेल्या एका दुपारी, आम्ही दोघंच होतो तेव्हा विचारलं. "मालक, भूमची गोष्ट ठाऊक असून तुम्ही मला घेतलं कसं?"

ते म्हणाले, "तुमच्या आप्पांनीच घ्या म्हणून सांगितलं होतं. म्हणाले, ह्या माणसाचं तोंड बारा वर्षांत एकदाच सुटलं. त्यात त्याचा दोष निम्मा बी न्हाय. मी वेळेवर तोंड उघडून त्याला सांगितलं असतं, की बाबा, औंदा तुला ठिवणं व्हायचं न्हाय, तर तो भूमला असा चोरून गेलाच नसता. चूक लिवायची तर माझ्या नावावर लिवा."

त्या दुपारी माझ्या हातून एक ओळही लिहून झाली नाही.

पुढच्याच रविवारी मी कळंबला गेलो. आप्पा थकले होते. दुकान तसंच अर्धं उघडं, गादीवर ते एकटे. मला बघून नेहमीच्या मोठ्या आवाजात म्हणाले, "या या, लातूरकर!" अक्कांनी पाणी आणलं. मी म्हणालो, "आप्पा, तुम्ही लातूरला काय सांगितलं ते मला आता कळलं. माझी चूक तुम्ही अंगावर घेतली. हे उपकार मी..."

त्यांनी हात वर करून मला थांबवलं.

"अंगावर घेतली न्हाय, मुनीमजी. व्हतीच ती माझी." त्यांचा आवाज एकदम खाली आला. आळीला सोडाच, मलाही कष्टानं ऐकू येत होता. "लेव्ही आली त्याच महिन्यात मला ठावं झालं व्हतं, की तुमाला ठिवता यायचं न्हाय. रोज सकाळी मनाशी म्हणायचो, आज सांगू. आन् तुमी समूर येऊन बसलाव की जीभच उचलायची न्हाय. बारा वर्षांचा माणूस, चार लेकरं. सहा महिने नुसता भ्यालो म्या. मालक माणूस बी भितो हो. तुमी सोनारीला म्हणून निघालाव, तवा बी वळखलं व्हतं मी, कुठं चाललाव ते. तवा बी बोललो न्हाय. नारळ दिला आन् गप बसलो."

मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "तेवढं मला माफ करा."

मी आभार मानायला गेलो होतो. बारा वर्षं ज्यांच्या शब्दावर उठलो-बसलो, ते माझ्यापुढं मान खाली घालून बसले होते. मी चप्पल काढली, गादीवर चढलो आणि त्यांच्या डावीकडं जाऊन बसलो. अक्का जेवायला बोलवायला येईपर्यंत आम्ही दोघं तसेच बसून होतो.